तरंगवते, पण राखत नाही

ईरा आणि कबीर,

परवा तुम्ही मला तीन फोटो पाठवलेत. एकात दंडावर चढवायच्या हवेच्या पट्ट्यांची जोडी, दुसऱ्यात बदकाचं तोंड असलेली गोल रिंग आणि तिसऱ्यात लाल जॅकेट. खाली कबीरने लिहिलं होतं, ‘आजी, नीलसाठी यातलं कोणतं घेऊ? लवकर सांग.’ तुमच्या नव्या घराच्या मागे स्विमिंग पूल आहे, आणि तुमचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ नील हल्ली चालत नाही, नुसता पळतो, हे मला तुमच्या आईने आधीच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. दुकानाच्या दिवसांवर काहीतरी लिहा म्हणाल्या. मी दोघांनाही थांबायला सांगितलं, कारण दोघांना द्यायचं उत्तर एकच होतं.

घाईचं उत्तर आधी देऊन टाकते. लाल जॅकेट घ्या.

पण एवढंच सांगून मी दुकानातून कधी कोणाला पाठवलं नाही, तर तुम्हाला कशी पाठवू?

आमचं दुकान भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांचं. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकून, इंग्रजी साहित्यात एम. ए. करून मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा सासूबाईंनी एकच परीक्षा घेतली. पाण्याचं मोठं पितळी भांडं समोर ठेवून म्हणाल्या, “याले आमी गुंड म्हनतो. तुया इंग्रजीत काय म्हनते?” मला सांगता आलं नाही. “मंग पहिले हे घासायले शीक,” त्या म्हणाल्या, आणि माझी नोकरी सुरू झाली.

पुढे घराघरांत स्टील आणि प्लॅस्टिक आलं. पितळ फक्त लग्नात द्यायला उरलं. तेव्हा अर्धं दुकान मी खेळाच्या सामानाला घेतलं. बॅटी, शटल, कॅरमची पावडर. मग गावात एक स्विमिंग पूल निघाला आणि लोक पोहण्याचं सामान विचारू लागले. तुमचे आजोबा पितळेच्या बाजूला बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “इकडं बुडणारा माल, तिकडं तरंगणारा. गिऱ्हाईक कसंही आलं तरी आपलंच.”

तरंगणाऱ्या मालाचे बाहेरच्या माणसाला दिसतात तितके प्रकार नसतात. मुळात दोनच. एकात हवा भरलेली असते, दुसऱ्यात फोम. हवा कधीही निघून जाऊ शकते, फोम जात नाही. दंडावरच्या पट्ट्या ओल्या हातावरून सरकतात. रिंगमध्ये मूल बसतं तेव्हा छान दिसतं, पण लहान मुलाचं डोकं त्याच्या मानाने जड असतं. ते पुढे वाकलं की रिंग उलटते आणि पाय वर होतात. जॅकेट चांगलं कोणतं? ज्याचा एक पट्टा दोन पायांमधून येऊन पुढे अडकतो. मुलाला जॅकेट घालायचं, सगळे पट्टे लावायचे आणि खांद्यांपाशी धरून वर उचलायचं. जॅकेट कानांपर्यंत वर आलं आणि मूल खाली राहिलं, तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून मोठं घ्यायचं नाही. ते स्वेटरचं शास्त्र आहे, पाण्याचं नाही. आणि रंग निळा किंवा हिरवा नको. पाण्यात दिसला पाहिजे.

गिऱ्हाईक मात्र सगळ्यात आधी रंगच विचारायचं, आणि तो दिसण्यासाठी नव्हे, शोभण्यासाठी. एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. आठ महिन्यांच्या मुलीसाठी त्यांना गळ्याभोवती बसणारी हवेची रिंग हवी होती. मोबाइलवर कुठेतरी पाहिली होती, त्यात बाळ मानेवर लटकून हसत होतं.

मी म्हटलं, “ती मी ठेवत नाही.”

“काहून? परदेशात चालते नं.”

“तुम्हाला मानेला धरून पाण्यात सोडलं तर चालेल?”

त्यांच्या बायकोने पदरात तोंड लपवलं. गृहस्थ म्हणाले, “बाई, तुमी माल विकता का भाषण?” आजोबा पलीकडून म्हणाले, “भाषण फुकट आहे, साहेब. त्यावर टॅक्स नाही.” ते रागावून गेले. तासाभराने बायको एकटी परत आली आणि तिने बाळासाठी काही न घेता स्वतःसाठी पोहण्याचा चष्मा घेतला. “मीच शिकतो आधी,” म्हणाली. आमच्याकडे बायकाही ‘शिकतो’, ‘जातो’ असंच म्हणतात, हे तुमच्या आईला विचारा. ती बाई पुढे खरंच शिकली.

माझं इंग्रजी शिक्षण कुठे कामी आलं म्हणाल, तर लेबलं वाचण्यात. प्रत्येक जॅकेटच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मुलाचं वजन अमुक ते तमुक असावं. हे जीवरक्षक साधन नाही. मोठ्या माणसाने सतत हाताच्या अंतरावर असावं. विकणारे ती वाचत नाहीत, घेणारे घरी गेल्यावर टोचते म्हणून कापून टाकतात. मी ती प्रत्येकाला मराठीत वाचून दाखवायची. लोक माना डोलवायचे. त्यातलं किती डोक्यात जायचं, हे मला सुषमा येईपर्यंत कळलं नव्हतं.

सुषमा कोंढा गावाकडची. रोवणी तोंडावर आलेली होती. रोवणी म्हणजे धानाची रोपं चिखलात एकेक करून लावणं. शाळेच्या पुस्तकात दिसतं त्याहून ते कठीण असतं, दिवसभर कमरेत वाकून मागे मागे सरकत करायचं. सुषमा, तिची सासू ताराबाई आणि कडेवर अडीच वर्षांचा सम्यक अशी तिघं एसटीतून उतरून थेट दुकानात आली. “जय भीम, बाई,” म्हणून ताराबाई पितळेच्या बाजूला टेकल्या आणि एक गुंड वाजवून बघू लागल्या.

सुषमा म्हणाली, “काकू, लेकराले पान्यात तरंगवते ते आंगी पाह्यजे.”

“पोहायला कुठे शिकवणार?”

“पोहायले नाही. घालून ठेवायले.”

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. त्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, लागून बोडी आहे. बोडी म्हणजे शेताचं छोटं तळं. रोवणीला घरातलं प्रत्येक माणूस चिखलात असतं. लहान मुलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून ठेवतात. आदल्या वर्षी सम्यक नीट चालत नव्हता, पाळण्यात ठेवता यायचा. या वर्षी तो पळत होता, आणि त्याला पाणी दिसलं की दुसरं काही दिसत नव्हतं.

“सकाळी घालून देईन, संध्याकाळी काढीन,” सुषमा म्हणाली. “मंग मी निवांत रोवीन. जीव लागून राहाते, काकू. एक रोप लावतो नं चारदा मान वर करतो. बाकीच्या बाया हासतात.”

मुलांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे सहलीसाठी, वाढदिवसासाठी, फोटोसाठी जॅकेट मागणारे आले. दिवसभराच्या राखणीसाठी मागणारी ही पहिलीच. आणि तिला मी काय सांगणार होते? चिठ्ठीवर लिहिलं होतं, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. ते माणूस नाही, म्हणूनच तर ती आली होती.

मी म्हटलं, “हे दिलं तर तू मान वर करणं सोडशील. मग न दिलेलं बरं.”

“अन् न देल्यावर?” तिने विचारलं. “तो बोडीत जायाचा थोडीच थांबते?”

 मी एक जॅकेट उलटून त्याची चिठ्ठी मराठीत वाचायला लागले. ताराबाई गुंड बाजूला ठेवून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी सुनेला दोन वाक्यांत सांगितलं, “बाई म्हनते, हे आंगी पोट्ट्याले तरंगवते, पन राखत नाही. राखाले मानूसच लागते.”

मी इतक्या वर्षांत केलेलं भाषांतर त्या दिवशी मोडीत काढलं आणि ताराबाईंचं वाक्य मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं. दुकान बंद होईपर्यंत ते तिथेच होतं.

आता माणूस कुठून आणायचं? मी ताराबाईंकडे पाहिलं. त्यांचे गुडघे बसता-उठता वाजत होते, ते मी ऐकलं होतं.

“तुम्ही बसा ना धुऱ्यावर,” मी म्हटलं.

त्या एकदम ताठ झाल्या. “मी? मले म्हातारी समजली का व? साऱ्या रांगेची पहिली ओळ माई असते. माया मागं बाकीच्या चालतात. ज्या दिवशी तारा धुऱ्यावर बसली, त्या दिवशी समजा का तारा कायमची निजली.”

सुषमा खाली बघत राहिली. यावर घरात आधी बोलणं झालेलं आहे, हे कळायला एम. ए. व्हावं लागत नाही.

शेवटी तडजोड निघाली. सोबत रोवणाऱ्या बायांनी पाळीपाळीने बसायचं, आणि बसणारीला मजुरी रोवणारीइतकीच. मुलं इतरांचीही होती, त्यामुळे बाया ऐकतील असं सुषमाला वाटलं. मग मी जॅकेट निवडलं. भडक नारिंगी, फोमचं, पायांमधून पट्टा असलेलं. सम्यकला उचलून पाहिलं. तो हवेत पाय झाडत हसला. मी सुषमाला पुन्हा सांगितलं, उकडेल, मधूनमधून काढावं लागेल, काढलं की पोर हातात धरायचं.

निघता निघता ताराबाई पितळेच्या बाजूला थांबल्या. “वासराले घाटी बांधतो तं लेकराले काहून नाही?” गळ्यात बांधायच्या छोट्या घंटीला त्या घाटी म्हणत होत्या. आजोबांनी डब्यातून एक पितळी घाटी शोधून काढली आणि मी ती जॅकेटच्या खांद्याला पक्क्या दोऱ्याने शिवून दिली. आजोबा खूश. “बुडणारा माल अन् तरंगणारा माल, पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाले सोबत गेला.” मलाही ती युक्ती फार आवडली. घाटी वाजतेय तोवर पोर ठीक. ती थांबली की बघायचं.

रोवणी सुरू झाल्यावर मला चैन पडेना. माल विकून मागोमाग गिऱ्हाइकाच्या घरी जाणारी दुकानदारीण मी तोवर नव्हते. एका सकाळी आजोबांना दुकानात बसवून एसटीने निघाले आणि विचारत विचारत सुषमाच्या बांधीपर्यंत पोचले.

नुकताच पाऊस येऊन गेला होता आणि ऊन चटका देत होतं. बाया ओळीने वाकलेल्या, सगळ्यांच्या पुढे ताराबाई. गुडघे दुखणारी बाई इतक्या वेगाने हात चालवते, हे पाहिल्याशिवाय खरं वाटलं नसतं. धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत दोन-तीन मुलं आणि त्यांच्यासोबत राखणीची पाळी असलेली रेखा नावाची तरुण बाई. तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं तान्हं दूध पीत होतं. पलीकडे झुडपामागून घाटीचा आवाज येत होता. टण, टण. मी समाधानाने छत्री मिटली.

“आल्या का, बाई?” ताराबाई वाकलेल्याच ओरडल्या. “पाहा, तुमची घाटी कशी वाजून राहिली.”

“सम्यक कसा आहे?”

“मस्त. दिवसभर टणटण.” एवढं बोलून त्या सरळ झाल्या. मान तिरपी करून ऐकू लागल्या. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, पण कारण समजलं नाही.

“रेखा,” त्या म्हणाल्या, “पोट्टं चरते का व?”

“काय?”

“दोनदा वाजते नं थांबते. दोनदा वाजते नं थांबते. अव, बकरी वाजून राहिली! पोट्टा कोठी हाय?”

झुडपामागून बकरीचं पिल्लू बाहेर आलं. त्याच्या अंगात नारिंगी जॅकेट होतं. पुढचे दोन पाय हातांच्या जागी घातलेले, आणि ते शांतपणे गवत खात होतं. उकडतं म्हणून रेखाने सम्यकचं जॅकेट घटकाभर काढून बाजूला ठेवलं होतं, आणि मोठ्या मुलांनी ते पिल्लाला घालून पाहिलं होतं. घाटी वाजत होती, म्हणून तिने मान वर केली नव्हती. मीही केली नव्हती.

ताराबाई धावल्या. आत्ताच लावलेली रोपं तुडवत, स्वतःचीच ओळ मोडत, सरळ बोडीकडे. त्यांच्या मागे सुषमा, तिच्या मागे मी. सम्यक बोडीच्या काठावर नव्हता, आत होता. पाणी छातीपर्यंत आलेलं, दोन्ही हात पसरलेले, आणि तो हसत हसत आणखी पुढे जात होता. आदल्या रविवारी बापाने त्याला जॅकेट घालून याच पाण्यात तरंगवलं होतं. त्याला वाटत होतं, पाणी आपल्याला धरतं. जॅकेट धरतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून कळायचं त्याचं वयही नव्हतं.

हनुवटी पाण्याला टेकली तेव्हा ताराबाईंचा हात त्याच्या दंडापर्यंत पोचला.

त्यांनी त्याला बाहेर काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सुषमाकडे दिलं. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलेलं नव्हतं. पोहू देत नाहीत म्हणून तो रागाने रडत होता. सुषमा त्याला घट्ट धरून चिखलातच बसली. रेखा तान्हं खांद्यावर घेऊन धावत आली. आता तिला बोलणी बसणार, असं मला वाटलं.

ताराबाई म्हणाल्या, “पोरी, तू दूध पाजत होती. दोन कामं एका बाईले देल्ली, ते आमचं चुकलं.” मग त्या बकरीकडे गेल्या, जॅकेट काढलं, विळ्याने दोरा कापून घाटी माझ्या हातात दिली. “हे घ्या तुमची घाटी, बाई. हिच्यानं कान भरतात नं डोळे झाकतात. वासराले ठीक हाय.”

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरलेले नाही. त्या धुऱ्यावर आल्या, लुगडं सावरलं आणि बसल्या. बांधीकडे पाठ, बोडीकडे तोंड.

 ओळीतल्या एकीने धीर करून विचारलं, “ताराबाई, मंग पहिली ओळ?”

“सुषमा धरंल,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “आता तिले मान वर करायचं काम नाही. मान वर करायले मी बसलो नं. अन् कोनी मले निजली म्हनंल, तं तिले पहिले बोडीत ढकलीन.”

हसू फुटलं, आधी एकीला, मग सगळ्यांना. सुषमा उठली. तिने सम्यकला सासूच्या शेजारी बसवलं, जॅकेटचे पट्टे लावले आणि पहिल्या ओळीत जाऊन उभी राहिली. मोडलेली रोपं तिने आधी पुन्हा लावली. मी दुपारपर्यंत तिथे होते. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

नंतर दुकानात मी एक वाक्य वाढवलं, चिठ्ठीत नसलेलं. मुलाला जॅकेटशिवायही पाण्यात घ्या, तुमच्या हातात. आपण खाली जातो, हे त्याच्या अंगाला कळू द्या. आणि पाण्यातून बाहेर आलं की जॅकेट लगेच काढा, खेळायला देऊ नका. बकरीची गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. ज्यांना चिठ्ठी कळत नसे त्यांनाही बकरी कळायची. उत्साहात रिंग घ्यायला आलेली किती माणसं ती ऐकून जॅकेट घेऊन गेली, आणि काही तर काहीच न घेता, आधी घरामागच्या टाक्यावर झाकण बसवायला गेली. आजोबा म्हणायचे, “तुया गोष्टीपायी धंदा बसते.” पण नवं गिऱ्हाईक आलं की स्वतःच म्हणायचे, “बसा, पहिले बकरी ऐका.”

धंदा बसला तो गोष्टीमुळे नाही. पूल काही वर्षं बंद पडला, पुढे लोक दुकानात मुलाला जॅकेट घालून माप बघायचे आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायचे. पाकीट येतं, चिठ्ठी वाचून दाखवणारं त्यात कोणी येत नाही. याचं मला वाईट वाटतं. आजोबा गेल्यावर मी दुकान भाड्याने दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

सम्यक आठ वर्षांचा होईतो त्याच बोडीत पोहायला शिकला. बापाने आमच्याच दुकानातला एक गुंड नेला होता. पालथा गुंड दोन्ही हातांनी धरून पाय मारायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. गुंड तिरपा झाला की त्यात पाणी शिरतं आणि तो जड होतो, त्यामुळे धरणारा झोपा काढू शकत नाही. मोठ्या मुलाला ते चांगलं, नीलला अजिबात नाही. सम्यक आता कॉलेजात जातो, आणि सुट्टीत गावातल्या पोरांना पोहायला शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात मला भेटायला आला होता. मी बकरीचं विचारलं, तर लाजून म्हणाला, “आजी, मले आठवत नाही, पन गावात अजून मले बकरीवाला म्हनतात.”

तर मुलांनो, लाल जॅकेट घ्या. चिठ्ठीवरचं वजन नीलच्या वजनाशी जुळवा, खांद्याला धरून उचलून बघा, पायांमधला पट्टा लावायचा कंटाळा करू नका. पूलच्या कुंपणाचं दार आपोआप बंद होतंय का, ते बाबांना रोज बघायला सांगा. काठावर एक खुर्ची ठेवा, तोंड पाण्याकडे करून. नील पाण्याजवळ असेल तेव्हा त्या खुर्चीत एक मोठं माणूस बसेल. हातात मोबाइल नाही, पुस्तक नाही, दुसरं काम नाही. पाळी संपली की दुसरं माणूस येऊन बसेपर्यंत उठायचं नाही. तुम्ही दोघं मोठी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही पाळ्या लावायच्या, आणि आई-बाबा बसतात की नाही ते बघायचं.

घाटी माझ्याकडे आहे, देवघराशेजारी. ती मी तुम्हाला पाठवणार नाही.

नारिंगी जॅकेट कोंढ्यात कितीतरी मुलांच्या अंगावरून गेलं. रंग उडाला, फोम चपटा झाला, शेवटी सुषमाने ते कापून रोवणीत गुडघ्याला बांधायच्या गाद्या केल्या. ताराबाई आता थकल्या आहेत, शेतावर जात नाहीत. पण रोवणीच्या दिवसांत त्या धुऱ्यावर अजूनही एक बाई बसते, बांधीकडे पाठ आणि बोडीकडे तोंड करून, आणि तिला रोवणारीइतकीच मजुरी मिळते.